फॉर्मवरचा रकाना : 'खेळण्याची जागा'

(वाचकांचे प्रश्न, मैदानावरची उत्तरं)

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार पत्रं मी बाजूला काढून ठेवली. चौघांना एकमेकांची माहिती नाही, पण चौघांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलंय : बेसबॉल-सॉफ्टबॉलमध्ये एकाच खेळाडूनं अनेक जागी उभं राहणं. म्हणून बाकीच्यांची उत्तरं पुढच्या अंकात.

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे. दोन वर्षं सॉफ्टबॉल खेळले, यंदा बेसबॉलही सुरू केलंय. अडचण अशी की मला पक्की जागाच नाही. कोणी आलं नाही की तिथं मी. मागच्या चार सामन्यांत सेकंड बेस, लेफ्ट फिल्ड, थर्ड बेस आणि एकदा तर कॅचर म्हणून उभी राहिले. मैत्रिणी मला 'स्टेपनी' म्हणतात. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. आमच्या सरांना सांगून एकच जागा धरून ठेवू का?
— एक खेळाडू, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : 'स्टेपनी' हा शब्द वाचला आणि पत्र खाली ठेवून मी थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मला कॉलेजात 'बदली' म्हणायचे. आणि माझे वडील तर खरोखरच बदली होते, इथल्या एका कापड गिरणीत.

तुमच्या पिढीला बदली कामगार म्हणजे काय ते सांगायला हवं. पहाटे भोंगा व्हायचा. कायम कामगार आत जायचे, बदलीवाले फाटकाशी थांबायचे. कोणाचा खाडा पडलाय ते जॉबर बघायचा आणि त्या हिशोबानं नावं पुकारायचा. वडील कधी कांडीखात्यात, कधी साचेखात्यात, म्हणजे मागांवर. आज चादरीचा साचा, उद्या धोतराचा. नाव पुकारलं गेलं नाही तर डबा तसाच घेऊन घरी. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा डबा पोचवायला गेलो होतो आणि जॉबरनं मला आत सोडलं. वडिलांना त्या दिवशी एक अनोळखी साचा मिळाला होता. त्यांनी लगेच दांडा ओढला नाही. आधी शेजारच्या साच्याचा ठोका ऐकला. मग फणीवरून अंगठा फिरवला. मग धोटा (आडवा धागा नेतो तो) उचलून त्याचं टोक उजेडात धरून बघितलं, कारण टोक खरखरीत असलं की उभे धागे तुटत जातात. एवढं झाल्यावरच साचा चालू केला. दोन मिनिटांचंही काम नव्हतं ते. पण त्या दोन मिनिटांत त्यांनी दुसऱ्याचा साचा आपला करून घेतला, हे मला फार पुढे कळलं.

आता एका खेळाडूची गोष्ट सांगतो. माझ्या मते आपल्या खेळात 'युटिलिटी प्लेअर', म्हणजे अनेक जागी खेळू शकणारा, या शब्दाला खरी प्रतिष्ठा त्यानं मिळवून दिली. त्याचं नाव बेन झोब्रिस्ट. जन्म १९८१ चा, इलिनॉय राज्यातल्या युरेका या छोट्या गावात वाढलेला, वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. बारावी झाली तेव्हा कुठल्याही मोठ्या कॉलेजला तो नको होता. वाढदिवसाला आजी-आजोबांनी दिलेल्या पैशातले पन्नास डॉलर भरून तो एका निवड चाचणीला गेला, तिथं एका लहान कॉलेजच्या प्रशिक्षकाची नजर त्याच्यावर पडली आणि गाडी सुरू झाली. २००४ साली ह्यूस्टन ॲस्ट्रोज या व्यावसायिक संघानं त्याला खेळाडू-निवडीच्या सहाव्या फेरीत घेतलं. २००६ मध्ये टॅम्पा बेच्या संघात त्याची रवानगी झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या स्पर्धेत उतरला, शॉर्टस्टॉप म्हणून (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा). म्हणजे त्याला जागा होती बरं का. पक्की, मानाची जागा.

ती टिकली नाही. २००७ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .१५५ होती, म्हणजे हजारात १५५ हिट. बेसबॉलमध्ये या आकड्यावर माणूस खालच्या लीगमध्ये परत जातो. संघानं दुसरा शॉर्टस्टॉप आणला. झोब्रिस्टसमोर दोनच वाटा उरल्या. शॉर्टस्टॉपच्या जागेसाठी खाली जाऊन थांबायचं, नाहीतर मिळेल तिथं उभं राहायचं. त्यानं दुसरी धरली. मॅनेजर ज्यो मॅडन त्याला आज इकडे, उद्या तिकडे खेळवायचा. मे २००९ मध्ये संघाच्या सेकंड बेसमनच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली, जागा उघडी पडली आणि झोब्रिस्ट तयार होता. त्या हंगामात पिचर (बॉल टाकणारा) आणि कॅचर (फलंदाजामागे बसून तो झेलणारा) सोडून उरलेल्या सातही जागी तो खेळला. सरासरी .२९७, होमरन २७, शिवाय ऑल-स्टार संघात निवड.

आता नीट वाच, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. तो सात जागी खेळला खरा, पण त्यातले सर्वात जास्त सामने सेकंड बेसवर. शॉर्टस्टॉपवर पाय आणि हात आधीच तयार झालेले होते. त्याच पायांवर त्यानं सेकंड बेस उभा केला आणि मग बाहेर आऊटफिल्डमध्ये गेला. एक घर होतं, म्हणून बाकीची दारं उघडली. तुझ्याकडे सध्या नुसती दारं आहेत.

तेव्हा सरांना 'मला एकच जागा द्या' असं म्हणू नकोस. 'सराव एका जागेचा द्या, सामन्यात लागेल तिथं उभी राहीन' असं म्हण. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तू लिहिलंयस त्यावरून मी तुझं घर सेकंड बेस धरतो. पुढचे चार आठवडे रोज पन्नास ग्राउंडर (जमिनीवरून येणारे बॉल) तिथंच घे. डबल प्लेचा (एका बॉलवर दोघी बाद) फिरकावा पायात बसू दे : शॉर्टस्टॉपकडून बॉल येतोय, पाय बेसवर, बॉल ग्लोव्हमधून हातात, रनरच्या वाटेतून अंग बाजूला आणि फर्स्टला थ्रो. हे सगळं एका श्वासात झालं पाहिजे. ते अंगात मुरलं की थर्ड बेसला तुझी भीती कमी होईल. तिथं बॉल अंगावर येतो, विचाराला वेळ नसतो, पण हात आधीच खाली असतील.

आऊटफिल्डचं गणित उलटं आहे. इनफिल्डमधली पोरगी बॅटचा आवाज आला की पुढे धावते, ती सवयच असते. लेफ्ट फिल्डला पहिलं पाऊल मागे टाकायचं. पुढे पडणारा बॉल सिंगल देतो, डोक्यावरून गेलेला बॉल सामना देतो. आपल्या मैदानावर तर मुरुमातला एखादा खडा बॉलला कुठंही फिरवतो, म्हणून गुडघा जमिनीला टेकवून बॉल अंगानं अडवायला शीक. लाज वाटू देऊ नकोस.

आणि वडिलांची ती दोन मिनिटं. नव्या जागी पाठवलं की इनिंग सुरू होण्याआधी फर्स्ट बेसकडे एक थ्रो करून अंतर हाताला कळू दे. सूर्य कुठं आहे बघ. शेजारी कोण उभी आहे तिला विचार, 'वरचा बॉल आला तर हाक तू मारणार की मी?' अनोळखी साचा असाच ओळखीचा होतो.

कॅचरचं मात्र वेगळं. हेल्मेट, मास्क, चेस्ट प्रोटेक्टर, लेग गार्ड यातली एक वस्तू जरी कमी असली तरी तिथं बसायचं नाही. सरांना आदरानं, पण स्पष्ट सांगायचं. ही जागा 'आज कोणी नाही, तू बस' म्हणून भरायची नाही. तुझ्या सरांना हे उत्तर दाखवलंस तरी चालेल, मी त्यांना मुद्दामच सांगतोय.

राहिला फॉर्म. १९८१ साली एका निवड चाचणीला मी दुसऱ्या शहरात गेलो होतो, रात्रीच्या गाडीनं, बाकड्यावर बसून. फॉर्मवर रकाना होता : 'खेळण्याची जागा'. मी अभिमानानं लिहिलं, 'कोणतीही'. पाच जागा मला येत होत्या, खोटं काहीच नव्हतं. निवड करणाऱ्यांनी रकान्यांप्रमाणे फॉर्मचे गठ्ठे केले. शॉर्टस्टॉपचा गठ्ठा, सेंटर फिल्डचा गठ्ठा. माझा फॉर्म कुठल्याच गठ्ठ्यात गेला नाही. टेबलाच्या कडेला एकटा राहिला, त्यावर कोणीतरी चहाचा ग्लास ठेवला. संध्याकाळी सगळे गट झाल्यावर मला तीन बॉल मिळाले. तीन. तिन्ही मी नीट घेतले आणि रात्रीच्या गाडीनं परत आलो. त्या ग्लासाचा गोल डाग मला आजही दिसतो आणि रागही येतो. माणूस न बघता रकाना बघण्याचा राग.

म्हणून तू 'कोणतीही' लिहू नकोस. लिही : 'सेकंड बेस. थर्ड बेस आणि लेफ्ट फिल्डवरही सामने खेळले आहेत.' पहिल्या शब्दानं तुझा फॉर्म गठ्ठ्यात जाईल, पुढच्या शब्दांनी तो गठ्ठ्यात वर येईल.

रकान्याची ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. उत्तम क्षेत्ररक्षणासाठी अमेरिकेत गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार १९५७ पासून दिला जातो, प्रत्येक जागेला वेगळा. अनेक जागा सांभाळणाऱ्याला त्यात जागाच नव्हती. झोब्रिस्टला तो कधी मिळाला नाही. युटिलिटी खेळाडूसाठी वेगळा गोल्ड ग्लोव्ह सुरू झाला २०२२ मध्ये. पहिले मानकरी डीजे लमेह्यू आणि ब्रेंडन डोनोव्हन. म्हणजे तो रकाना छापायला पासष्ट वर्षं लागली. तोवर झोब्रिस्ट निवृत्तही झाला होता.

'स्टेपनी' म्हणणाऱ्या मैत्रिणींना २ नोव्हेंबर २०१६ ची रात्र सांग. शिकागो कब्ज विरुद्ध क्लीव्हलँड, वर्ल्ड सिरीजचा सातवा, शेवटचा सामना. कब्जनं १९०८ नंतर विजेतेपद पाहिलेलं नव्हतं, १०८ वर्षं. नऊ इनिंग संपल्या तेव्हा ६–६ बरोबरी. मग पाऊस, सतरा मिनिटं खेळ बंद. दहाव्या इनिंगमध्ये सेकंड बेसवर रनर. समोरच्या संघानं अँथनी रिझोला मुद्दाम वॉक (फर्स्ट बेस फुकट) दिला आणि पुढच्या फलंदाजाशी लढायचं ठरवलं. तो पुढचा फलंदाज झोब्रिस्ट. दोन्ही हातांनी बॅटिंग करणारा. त्या वेळी डावखुरा उभा होता. त्यानं बॉल थर्ड बेसच्या बाजूनं, रेषेच्या आत, लेफ्ट फिल्डला काढला. डबल, म्हणजे एका फटक्यात दोन बेस. कब्ज पुढे गेले आणि सामना ८–७ नं जिंकले. मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच, सरासरी .३५७. त्या वर्षी नियमित हंगामात तो मुख्यतः सेकंड बेसवर खेळला होता. अंतिम मालिकेत सेकंड बेस हावियर बाएझकडे होता, म्हणून हा लेफ्ट फिल्डला. घर दुसऱ्याला देऊन तो बाहेर जाऊन उभा राहिला होता.

चाचणी झाली की मला कळव. निकाल काहीही लागो, पत्र टाक.

प्रश्न : माझी मुलगी सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळते. तिला वेगवेगळ्या जागी उभं करतात म्हणून ती दोन ग्लोव्ह मागतेय. आमची परिस्थिती बेताची आहे. एकात भागेल का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, भागेल. बारा इंची ग्लोव्ह घ्या. इनफिल्डचे बेसबॉल ग्लोव्ह साडेअकरा इंचांच्या आसपास असतात, कारण बॉल चटकन हाताला लागावा लागतो. आऊटफिल्डचे साडेबारा किंवा थोडे मोठे, कारण धावत जाऊन पोचायचं असतं. बारा इंच हा मधला मार्ग. सॉफ्टबॉलचा बॉल बेसबॉलपेक्षा मोठा : त्याचा घेर बारा इंच, बेसबॉलचा नऊ-सव्वानऊ. बारा इंची ग्लोव्हचा खिसा दोघांनाही पुरतो. फर्स्ट बेसचा आणि कॅचरचा मिट मात्र वेगळा असतो, तो संघानं द्यायचा. तुम्ही घ्यायचा नाही, आणि तसं सांगायला संकोच करू नका.

ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा की उजव्या हे दुकानात मुलीला घालूनच बघा. उजव्या हातानं फेकणाऱ्या मुलीला ग्लोव्ह डाव्या हातात लागतो. फोनवर ऑर्डर देताना इथं हमखास चूक होते.

नवा ग्लोव्ह कडक असतो. त्याच्या खिशात बॉल ठेवायचा, मिटायचा आणि जुन्या चादरीची काठाची पट्टी फाडून घट्ट बांधून रात्रभर ठेवायचा. आपल्या गावात त्या पट्टीची कमी नाही. तेलाचा हात अगदी हलका. जास्त तेलानं चामडं जड आणि लिबलिबीत होतं. आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ग्लोव्ह ठेवू देऊ नका. आपल्या उन्हात दोन दुपारींत चामडं पापडासारखं होतं, शिवण सुटते. माझ्या हाताखालच्या कितीतरी मुलींचे ग्लोव्ह खेळानं नाही, डिकीनं गेले.

प्रश्न : माझा यंत्रमागाचा व्यवसाय आहे, क्रिकेटचा जुना शौकीन. क्रिकेटमधला अष्टपैलू आणि तुमचा युटिलिटी प्लेअर एकच ना? आणि अशा सगळीकडे चालणाऱ्याला व्यावसायिक संघ खरंच पैसे देतात का? आमच्याकडे तर एक काम पक्कं येणाऱ्या कारागिरालाच भाव.
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : एक नाही, साहेब. अष्टपैलू म्हणजे दोन विद्या एकाच सामन्यात. त्याचा नमुना आपल्याच गावात जन्मला, २८ मार्च १९२६ ला : पॉली उम्रीगर. १९६२ च्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत त्यांनी ५६ आणि नाबाद १७२ धावा काढल्या आणि एका डावात १०७ धावांत ५ बळी घेतले. सोलापूरच्या प्रत्येक शाळेच्या मैदानावर हे आकडे रंगवून ठेवायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

बेसबॉलमध्ये प्रश्न क्षेत्ररक्षणाच्या जागेचा आहे. क्रिकेटमध्ये पॉइंटचा माणूस पुढच्या षटकात मिडविकेटला जातो, कोणाला काही वाटत नाही. इथं प्रत्येक जागा म्हणजे वेगळं खातं. पाय वेगळे, थ्रोचा कोन वेगळा, ग्लोव्हसुद्धा वेगळा.

पैशाचं म्हणाल तर हिशोब तुम्हीच करा, तुम्ही पाळी लावणारे आहात. मेजर लीगच्या संघात २६ खेळाडू, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. उरले तेरा. त्यातले नऊ रोज फलंदाजीला. बाकावर चार, त्यातला एक राखीव कॅचर. म्हणजे पिचर-कॅचर सोडून उरलेल्या सात जागांचा खाडा भरायला फक्त तीन माणसं. हंगाम १६२ सामन्यांचा, आणि सामन्यातून एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. (सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत येता येतं, इथं नाही.) अशा वेळी चार जागा चांगल्या सांभाळणारा एक माणूस म्हणजे मॅनेजरच्या हातात मोकळी झालेली दोन माणसं. डिसेंबर २०१५ मध्ये कब्जनं झोब्रिस्टशी चार वर्षांचा करार केला तो ५ कोटी ६० लाख डॉलरचा. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.

एक काम पक्कं येणाऱ्याला भाव, हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. वर त्या मुलीला मीही आधी घर पक्कं करायलाच सांगितलंय. पण तुमच्या कारखान्यात वार्पिंगही बघणारा, मागही चालवणारा आणि रात्री बिघाड झाला तर पान्हा घेऊन येणारा एखादा माणूस असेलच. दिवाळीच्या बोनसला त्याचा पगार कोणत्या कामाचा धरता, ते एकदा बघा. माझ्या वडिलांचा नेहमी सर्वात कमी दराच्या कामाचा धरला जायचा.

प्रश्न : सर, एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागी खेळलेला कोणी आहे का? आमच्या वर्गात पैज लागलीय.
— इयत्ता आठवी, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आहेत, मेजर लीगमध्ये पाच जण. बर्ट कॅम्पानेरिस (१९६५), सीझर तोवार (१९६८), स्कॉट शेल्डन आणि शेन हॉल्टर (दोघंही २०००) आणि अँड्र्यू रोमाइन (२०१७). सगळे सामने सप्टेंबर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीचे, म्हणजे हंगाम संपत आलेला असताना.

कॅम्पानेरिस मूळचा शॉर्टस्टॉप. ८ सप्टेंबर १९६५ ला तो कॅन्सस सिटीकडून खेळताना दर इनिंगला एक जागा बदलत गेला. आठव्या इनिंगमध्ये पिचर झाला. नवव्यात कॅचर म्हणून बसला आणि होम प्लेटवर धावत आलेल्या रनरशी टक्कर होऊन जखमी झाला. मगाशी कॅचरच्या जागेबद्दल मी जे लिहिलंय ते तूही वाचून ठेव.

तोवारनं तीन वर्षांनी, २२ सप्टेंबर १९६८ ला, मिनेसोटाकडून सुरुवातच पिचर म्हणून केली. त्या इनिंगमध्ये त्यानं रेगी जॅक्सनसारख्या दांडग्या फलंदाजाला स्ट्राइक आऊट केलं, आणि एकही रन दिली नाही. पण तुमच्या पैजेसाठी खरी मजा पुढे आहे. ॲथलेटिक्सचा संघ तोवर ओकलंडला गेला होता, आणि तोवारसमोर त्या दिवशी पहिला फलंदाज म्हणून उभा होता तो त्याच संघाचा बर्ट कॅम्पानेरिस. एका सामन्यात नऊ जागी खेळून झालेला तेव्हा मेजर लीगमध्ये तो एकटाच होता.